आई नॉमिनी आहे, शेअर सर्टिफिकेटवर नावही चढलंय, तरी बँकेचा वकील म्हणतो एकट्या आईला फ्लॅट विकता येणार नाही?

कोथरूडचा_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सगळं एकदाच लिहितो म्हणजे नंतर तुकड्या-तुकड्यात विचारायला नको.

कोथरूडला आमचा टू बीएचके आहे, बाबांनी १९९४ साली बिल्डरकडून घेतलेला, अ‍ॅग्रीमेंट एकट्या बाबांच्या नावावर. बाबा २०१६ ला गेले. सोसायटीत नॉमिनेशन आईचं होतं त्यामुळे आईने अर्ज केला, इंडेम्निटी बाँड दिला, आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला जो तक्ता असतो ना त्यात आईचं नाव, तारीख, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या, सोसायटीचा गोल शिक्का असं सगळं रीतसर आलं. महापालिकेचा टॅक्स आईच्या नावावर, महावितरणचं बिल आईच्या नावावर. इतकी वर्षं आम्ही सगळे हेच धरून चाललोय की फ्लॅट आईचा झाला.

आता लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे गेलेत म्हणून विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, ९६ लाखांना सौदा ठरला, दोन लाख टोकन घेतलं आणि पाचशेच्या स्टँपवर एमओयू (प्राथमिक करार) केला, त्यात ६० दिवसांत अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं असं लिहिलंय. तर खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) घेतला आणि रिपोर्टमध्ये लिहून पाठवलं की नॉमिनी हा मालक नाही, मूळ मालकाच्या सर्व वारसांनी एकतर विक्रीत सामील व्हावं नाहीतर रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यावं. एजंट म्हणतो की असे वकील प्रत्येक फाईलला काहीतरी खोडा घालतातच, बँक बदला.

वारस म्हणजे आई, मी आणि नागपूरला असलेली ताई. ताई सही करायला तयार आहे, भांडण काही नाही. माझे प्रश्न असे की आई एकटी विकू शकते की नाही, हक्कसोडपत्राला स्टँप ड्युटी किती (कोणी म्हणतं पाचशे रुपये, कोणी म्हणतं पूर्ण सात टक्के), आणि वारस दाखला तलाठ्याचा चालतो की कोर्टातूनच आणावा लागतो? बाबांचं मृत्युपत्र नव्हतं.

बिनधास्त_बंड्या

एजंट बरोबर बोलतोय. नॉमिनी केलेलं कशाला असतं मग? सोसायटीने नाव लावलं म्हणजे विषय संपला. आमच्या मावशीने असाच विकला २००९ मध्ये, कोणी विचारलं नाही. बँक बदला.

जुना_सेक्रेटरी

बंड्या, २००९ मध्ये कोणी विचारलं नाही म्हणजे ते बरोबर होतं असं होत नाही रे. मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षं सेक्रेटरी होतो म्हणून सोसायटीच्या बाजूचं सांगतो, बाकीचं वकील मंडळी सांगतील.

नॉमिनेशन हे सोसायटीच्या सोयीसाठी असतं. सभासद गेला की मेंटेनन्स कोणाकडे मागायचा, नोटीस कोणाला द्यायची, मीटिंगला कोण बसणार, एवढ्यापुरतं सोसायटीला कोणीतरी एक माणूस समोर लागतो. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं, कलम १५४बी आणि त्याची पिल्लं, त्यात तर स्पष्टच करून टाकलंय की नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खऱ्या वारसांना सभासद करेपर्यंत. तुमच्या आईंचं नाव २०१६ च्या सुमारास लागलं म्हणजे जुन्या पद्धतीने, तेव्हा सर्टिफिकेटवर 'तात्पुरता' वगैरे काही लिहीत नसत, पण मालकीचा हिशोब तेव्हाही तोच होता.

आणि इंडेम्निटी बाँड दिला म्हणताय ना, तो काढून एकदा वाचा. त्यात बहुतेक हेच लिहिलेलं असेल की उद्या दुसरा कोणी वारस दावा घेऊन आला तर सोसायटीला त्याची झळ लागू देणार नाही. मालकी नक्की झाली असती तर सोसायटीने असला बाँड घेतलाच कशाला असता?

अजून एक. नव्या मालकाच्या नावावर करताना कमिटीने 'डेव्हलपमेंट फंड' किंवा 'डोनेशन' म्हणून काही आकडा काढला तर गप्प बसू नका. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, ट्रान्सफर फी ५०० रुपये, आणि वारसांच्या नावावर करताना प्रीमियम शून्य. आमच्या शेजारच्या एका सोसायटीने दीड लाख मागितले होते, पेंटिंग काढलंय म्हणून, उपनिबंधकांकडे लेखी अर्ज गेल्यावर दुसऱ्या मीटिंगला आकडा २५ हजारावर आला.

काळा_कोट_पुणे

बँकेच्या वकिलाने बरोबर लिहिलंय, त्याला शिव्या घालू नका, त्याने तुमचंच भलं केलंय. सुप्रीम कोर्टाने १९८३ च्या सुमारास विम्याच्या नॉमिनीबद्दल हेच सांगितलं, डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या नॉमिनीबद्दल परत हेच सांगितलं, की नॉमिनेशनने वारसाहक्क बदलत नाही. मधे २०१६ च्या एका निकालाचा दाखला लोक देतात, पण त्यातही सोसायटीने नॉमिनीचं नाव लावावं एवढंच आहे, बाकी वारसांना आपला हक्क मागायचा रस्ता कोर्टाने मोकळाच ठेवलाय.

स्टँप ड्युटीचं: सख्खे भाऊबहीण, आईवडील, मुलं, नवराबायको आणि त्यांचे वारस यांच्यातलं वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र नाममात्र ड्युटीत होतं. पूर्वी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाले. नोंदणी फी आणि पानांचा खर्च वेगळा. सात टक्के ही पुण्यातली विक्रीची ड्युटी, बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी. त्याचा तुमच्या हक्कसोडीशी संबंध नाही. फक्त हे नोटरी करून चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच करावं लागतं, कारण स्थावर आहे. नोटरी केलेली हक्कसोडपत्रं घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

वारस दाखला: तलाठ्याचा किंवा तहसीलदाराचा दाखला पेन्शनसारख्या कामांना ठीक, फ्लॅटची मालकी त्याने सिद्ध होत नाही. कोर्टाचा वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडून मिळतो. सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात ते वेगळं, ते बँकेतले पैसे, शेअर्स यांसाठी, फ्लॅटसाठी नाही, हे फार लोक गोंधळतात. पण सगळे वारस हयात, सज्ञान आणि सहीला तयार असतील तर बरेच बँकवाले रजिस्टर हक्कसोडपत्र, सगळ्यांचं प्रतिज्ञापत्र आणि दोन पेपरातली जाहीर नोटीस यावर भागवतात. आधी त्या वकिलालाच विचारून घ्या तो नक्की काय मान्य करेल, उगाच कोर्टात महिने घालवू नका.

आता माझा एक प्रश्न, आणि याचं उत्तर नीट आठवून द्या. २०१६ मध्ये तुमचे बाबा गेले तेव्हा त्यांची आई, म्हणजे तुमची आजी, हयात होती का?

कोथरूडचा_तिसरा_मजला

सगळ्यांना धन्यवाद. हो, आजी होती, आमच्याकडेच राहायची शेवटपर्यंत. २०२१ मध्ये गेली. आजोबा त्याच्या खूप आधी, १९८८ ला गेलेले. पण आजीचा काय संबंध, तिचं नाव तर कुठल्याच कागदावर नव्हतं?

काळा_कोट_पुणे

हेच वाटलं होतं. बसा शांतपणे.

हिंदू वारसा कायदा १९५६, पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. वडील नाहीत त्यात, आई आहे. सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे बाबा गेले त्या दिवशी फ्लॅटचे चार मालक झाले, तुमची आई, तुम्ही, ताई आणि आजी, प्रत्येकी चौथा हिस्सा. कागदावर नाव चढो न चढो, हक्क मृत्यूच्या क्षणी येतो.

मग २०२१ ला आजी गेली. तिचा चौथा हिस्सा तिच्या वारसांकडे गेला. बाईच्या बाबतीत वारस म्हणजे तिची मुलं, आधी गेलेल्या मुलाची मुलं, आणि नवरा असेल तर तो. नवरा आधीच गेलेला. मेलेल्या मुलाची बायको, म्हणजे तुमची आई, यात येत नाही. तुम्हाला काका, आत्या आहेत का आणि किती? आजीने मृत्युपत्र केलं होतं का?

कोथरूडचा_तिसरा_मजला

एक काका साताऱ्याला, एक आत्या न्यू जर्सीला, तिकडचं नागरिकत्व घेतलेलं. आजीचं मृत्युपत्र नाही. बाप रे, म्हणजे काका आणि आत्या आमच्या फ्लॅटचे मालक? त्यांना तरी माहीत आहे का हे?

काळा_कोट_पुणे

माहीत असायची गरज नाही 🙂

फ्लॅटचे २४ भाग धरा म्हणजे हिशोब पूर्णांकात बसतो. बाबांनंतर प्रत्येकाला ६. आजीच्या ६ चे तीन फाटे, काका २, आत्या २, आणि तुमच्या बाबांच्या फाट्याचे २ ते तुम्हा भावाबहिणीत एकेक. म्हणजे आज आई ६, तुम्ही ७, ताई ७, काका २, आत्या २. गंमत बघा, ज्या आईंचं नाव सगळ्या कागदांवर आहे त्यांच्यापेक्षा तुमचा आणि ताईंचा वाटा मोठा आहे. ९६ लाखांच्या सौद्यात काकांचे आणि आत्यांचे आठ-आठ लाख.

बिनधास्त_बंड्या

अहो वकीलताई कशाला पोराला घाबरवता. आजीचं नाव कुठेही नाही, प्रतिज्ञापत्रात 'आम्ही तिघेच वारस' असं लिहा आणि मोकळे व्हा. अमेरिकेतली आत्या कोथरूडला येऊन इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) काढणारे का?

काळा_कोट_पुणे

बंड्या, इंडेक्स टू काढायला कोथरूडला यावं लागत नाही, नोंदणी खात्याच्या (आयजीआर) साईटवर ई-सर्च आहे, न्यू जर्सीत सोफ्यावर बसून दिसतं. आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, त्यावर सही तुझी नाही, सत्तरीतल्या त्यांच्या आईची असणार आहे. उद्या काका वारले आणि त्यांच्या मुलांनी हक्क मागितला तर नवा मालक यांच्यावर दावा लावणार, कारण अ‍ॅग्रीमेंटमध्ये विकणारा लिहूनच देतो की टायटल साफ आहे आणि नसेल तर नुकसानभरपाई देईन. दर आठवड्याला असे दावे बघते मी.

मांडवीकाठी

पुण्याच्या प्रश्नात गोव्याचं नाक खुपसते, पण वाचताना सांगावंसं वाटलं. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, त्यामुळे वरचे वाटे गोव्यातल्या कोणी आपल्या घराला लावू नयेत. इथे लग्न झालं की बहुतेक वेळा नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, म्हणून भावाच्या सहीबरोबर वहिनीचीही सही लागते, आणि वारस कोण ते स्पेशल नोटरीपुढे सक्सेशन डीड करून ठरवतात. आमच्या घरच्या डीडवर इतक्या सह्या होत्या की शेवटचं पान नुसतं सह्यांचं.

आकडेमोड_सीए

कायद्याचं झालं, आता कराचं बघा, कारण इथे लोक हक्कसोडपत्र कोणाच्या नावाने करायचं ते घाईत ठरवतात आणि मग मार्चमध्ये माझ्याकडे रडत येतात.

सगळ्यांनी आईच्या नावाने हक्क सोडायचा हा भावनेचा निर्णय छान आहे पण मग सगळा कॅपिटल गेन (विक्रीतला नफा) आईच्या एकटीच्या अंगावर. त्यापेक्षा तुम्ही आणि ताई आपला हक्क सोडूच नका, तिघेही विकणारे म्हणून सही करा. नाहीतरी फ्लॅट विकायचाच आहे, मग तुमच्या दोघांचं हक्कसोडपत्र हवंच कशाला? प्रत्येकाचा नफा वेगळा, प्रत्येकाला नवं घर घेतलं तर सूट वेगळी, कर वाचवणाऱ्या बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवायची मर्यादा प्रत्येकी वेगळी. आईंचं दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर करमुक्त मर्यादेचा उरलेला भागही त्यांच्या नफ्यातून वजा होतो.

वारसाहक्काने आलेल्या घराला खरेदी किंमत बाबांची धरतात, म्हणजे १९९४ ची, आणि २००१ च्या आधीची खरेदी असल्याने १ एप्रिल २००१ ची बाजारभाव किंमत धरायचा पर्याय आहे, ती तेव्हाच्या रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरापेक्षा) जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून रिपोर्ट घ्या, त्याची फी वसूल होते. मग दोन पद्धतीने कर काढा, १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत न वाढवता) आणि २० टक्के इंडेक्सेशनसह, जो कमी तो भरा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला हा पर्याय आहे पण फक्त भारतात राहणाऱ्यांना.

आणि इथेच आत्याबाई येतात. त्या विक्रीत सामील झाल्या तर खरेदीदाराला त्यांच्या वाट्यावर नेहमीच्या एक टक्क्याऐवजी एनआरआयच्या दराने टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागेल, आणि ५० लाखांच्या आत म्हणून सूट वगैरे तिथे नाही. कमी कपातीचं सर्टिफिकेट आयकर खात्याकडून काढता येतं पण त्याला वेळ लागतो आणि सामान्य खरेदीदार 'एनआरआय विक्रेता' ऐकूनच पळतो. त्यामुळे आत्या मनापासून तयार असतील तर त्यांचं आणि काकांचं हक्कसोडपत्र तुम्हा तिघांच्या नावाने करून घेणं सगळ्यात सुटसुटीत. काका, आत्या हे आयकराच्या व्याख्येत पुतण्या-पुतणीचे नातेवाईक आहेत, आणि दीर-नणंद तुमच्या आईचेही आहेत, त्यामुळे त्यांनी फुकट सोडलेल्या वाट्यावर तुम्हाला कर नाही.

त्यांना पैसे हवे असतील तर मात्र टेबलाखालून देऊ नका. आठ लाख रोख वगैरे डोक्यातून काढा. मग सरळ त्यांना विक्रीत सामील करा आणि त्यांचा चेक त्यांच्या खात्यात जाऊ द्या, टीडीएस कापला गेला तरी रिटर्न भरून जास्तीचा परत मिळतो.

तुमच्या तिघांच्या वाट्यावर खरेदीदार नेहमीचा एक टक्का कापेल. पूर्वी लोक म्हणायचे की प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत आहे मग टीडीएस नाही, ते ऑक्टोबर २०२४ पासून बंद, आता सगळ्या विक्रेत्यांची मिळून रक्कम बघतात.

न्यूजर्सीचा_बाब्या

आत्यांसाठी माझ्याकडून. माझी बायको अशीच सोलापूरच्या घरातला हक्क सोडत होती तेव्हा आम्ही यातून गेलोय. तिकीट काढून यायची गरज नाही, कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं. दोन रस्ते आहेत, एक म्हणजे न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकन, दुसरा म्हणजे इथल्या नोटरीसमोर सही आणि मग राज्याकडून अ‍ॅपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी शिक्का. आमचं अ‍ॅपोस्टिलने झालं. मसुदा मात्र पुण्यातल्या वकिलाने दिलेलाच वापरा, इकडे इंटरनेटवर जे नमुने मिळतात त्यात फ्लॅटचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, 'हक्कसोडपत्रावर सही करणे, दुय्यम निबंधकासमोर कबुली देणे' असले शब्द नसतात आणि मग तिकडे खिडकीवर परत करतात.

कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात नेऊन त्यावर ड्युटी भरून घ्यायची, हे लोक विसरतात. कुरिअरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच.

बायकोच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावात. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, तेही इकडच्या पद्धतीने मधलं नाव गाळून, आणि सासरेबुवांच्या कागदांत माहेरचं घरगुती नाव. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला जोडला. तुमच्या आत्यांचं आधी तपासा. आजींच्या मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि बाबांच्या कागदांवरचं आईचं नाव जुळतंय का तेही बघा, त्या पिढीत माहेरचं एक, सासरचं एक असायचं.

जुना_सेक्रेटरी

बाब्याला दुजोरा. आणि मुखत्यारपत्र काकांच्या नावाने द्यायला सांगा, तुमच्या नावाने नको. ज्याला वाटा मिळणार त्यानेच देणाऱ्याच्या वतीने सही करायची हे दिसायला बरं नाही आणि उद्या कोणी बोट ठेवायला जागा राहते.

कोथरूडचा_तिसरा_मजला

काल रात्री आत्याला फोन लावला. मला वाटलं होतं अवघड जाईल. ती आधी हसली, म्हणाली आईचा हिस्सा आहे हे मला माहीतच नव्हतं आणि मला नकोय, तुझ्या आईने तिचं शेवटपर्यंत केलंय. काका मात्र 'विचार करून सांगतो' म्हणाले. काकूंचा आवाज मागून येत होता. त्यामुळे तिथे काय होईल सांगता येत नाही.

दोन शंका. काकांनी हक्क सोडला नाही, वाटा मागितला, तर आत्याचं एकटीचं हक्कसोडपत्र करता येईल का? आणि ६० दिवसांची मुदत, त्यातले अर्धे तर गेले. खरेदीदाराला हे सगळं सांगू की काहीतरी कारण काढू?

काळा_कोट_पुणे

आत्यांचं एकटीचं होतं. फक्त त्यात 'तुमच्या तिघांच्या नावे' असं स्पष्ट लिहा, नाहीतर काकाही सहहिस्सेदार आहेत, मोघम लिहिलं तर त्यांच्याकडेही तुकडा जातो. काकांना वाटा हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे, नाराज होऊ नका, त्यांना चौथे विक्रेते म्हणून घ्या आणि २४ पैकी २ भागाचा चेक त्यांना. काका भारतातच राहतात त्यामुळे टीडीएसची ती भानगड नाही. या परिस्थितीत मुखत्यार काकांना करू नका, जुना सेक्रेटरी म्हणतात ते काका तयार असते तर ठीक होतं, आता आत्यांच्या विश्वासातला तिसरा माणूस बघा.

मसुद्यात 'वडिलोपार्जित' शब्दावर खिडकीवरचा माणूस अडून बसू शकतो, म्हणेल फ्लॅट वडिलांनी स्वतः घेतला, मग वडिलोपार्जित कसा. वारसाने कसा आला ती सगळी साखळी, दोन्ही मृत्यू दाखले आणि वंशावळ कागदातच लिहा, आणि तरी वाद घातला तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे ड्युटी किती ते आधीच लेखी मिळतं.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी आईंना घेऊन जाण्याआधी त्यांच्या बोटांचे ठसे आधारला लागतायत का ते घरीच एखाद्या केंद्रावर बघून या, वयस्कर लोकांचे उमटत नाहीत. खरंच जिना चढणं शक्य नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी येऊन नोंदणी करण्यासाठी वैद्यकीय दाखल्यासह अर्ज करता येतो, नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये सोय आहे.

खरेदीदाराला खरं तेच सांगा. तसंही त्याच्या बँकेच्या वकिलाला सगळं दिसणारच आहे. एमओयूला एक पुरवणी पत्र करा, दोन्ही बाजूंच्या सह्या, त्यात मुदतवाढ, कारण म्हणून 'मूळ मालकाच्या आईचे वारस सामील करून घेणे', आणि अमुक तारखेपर्यंत झालं नाही तर टोकन बिनव्याजी परत, दंड नाही, असं लिहून घ्या. मूळ एमओयूत उशिराबद्दल दुप्पट टोकन द्यायचं वगैरे कलम आहे का ते आज रात्रीच बघा.

कोथरूडचा_तिसरा_मजला

बघितलं. आहे. एजंटने छापील नमुन्यात तसंच ठेवलेलं, "विक्रेत्याच्या चुकीमुळे" असं म्हटलंय.

काळा_कोट_पुणे

मग पुरवणी पत्र उद्याच. आणि त्यात ते कलम क्रमांक लिहून रद्द करा, नुसतं 'मुदत वाढवली' लिहिलं तर ते तसंच जिवंत राहतं. इथे कागद टाकलात तर सगळ्यांची नावं आणि आधार नंबर झाकून टाका.